वृषणांचा स्वेद : सवच्या उष्ण झऱ्यांच्या निमित्ताने पुरुषवंध्यत्वाचा विचार

महाडजवळ सावित्री नदीच्या काठी वसलेल्या सव या गावाचे नाव रायगड जिल्ह्याबाहेरच्या वैद्यांनाही ठाऊक असते, ते तेथील उष्ण पाण्याच्या झऱ्यांमुळे. कोकणात अशा झऱ्याला ‘उन्हाळे’ म्हणतात. ठाणे जिल्ह्यातील वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीपासून रत्नागिरी जिल्ह्यातील उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी आणि थेट राजापूरपर्यंत सह्याद्री व समुद्र यांच्यामधल्या पट्टीत या झऱ्यांची एक माळच आहे. सवचे झरे या माळेतले. त्यांच्यामागे जागृत ज्वालामुखी नाही. पावसाचे पाणी खडकांतील भेगांतून खोलवर झिरपते, भूगर्भातील उष्णतेने तापते आणि वाट मिळेल तेथे वर येते. त्वचेचे विकार, सांध्यांचे दुखणे, श्रमाचा शीण यांसाठी लोक पिढ्यान्‌पिढ्या या पाण्यात स्नान करीत आले आहेत. आपल्यापैकी अनेक वैद्यही योग्य रुग्णाला तसे सुचवितात. त्यास आमची हरकत नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय त्या कुंडात उतरणाऱ्या एका विशिष्ट व्यक्तीपुरता मर्यादित आहे. ही व्यक्ती म्हणजे अपत्यप्राप्तीची इच्छा बाळगणारा, विवाहास दोन-तीन वर्षे होऊनही घरी पाळणा न हललेला पुरुष. अशा पुरुषाने कंबरभर उष्ण पाण्यात बसू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. हे मत केवळ पाश्चात्त्य प्रयोगशाळांतून आलेले नाही. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या चौदाव्या अध्यायात, म्हणजे स्वेदाध्यायात, शरीराच्या कोणत्या भागास किती स्वेद द्यावा हे सांगताना वृषण, हृदय आणि नेत्र या तिघांना एका पंक्तीत बसविले आहे. त्यांना स्वेद द्यावयाचाच तर मृदू द्यावा, अन्यथा देऊच नये. वंक्षणास मध्यम आणि उरलेल्या अंगास इच्छेनुसार, असा तो क्रम आहे. हृदय आणि नेत्रांच्या बाबतीत आपण ही आज्ञा काटेकोरपणे पाळतो. डोळ्यांवर ओले वस्त्र, कमळाच्या पाकळ्या किंवा कणकेचा गोळा ठेवतो, छातीवर शीतल स्पर्श राहील असे पाहतो. तिसऱ्या अवयवाचे मात्र आपल्याला विस्मरण झाले आहे. संकोच हे त्याचे एक कारण असावे.

कोणी विचारील, की वाग्भटाचार्यांनी तर कमरेखालच्या शरीरावर उष्ण जलाचा परिषेक बलदायक म्हटला आहे आणि निषेध केवळ शिरावरच्या उष्ण जलाचा केला आहे, त्याचे काय? आमच्या मते दोहोंत विरोध नाही. परिषेक म्हणजे धार धरणे. तांब्याने अंगावर घेतलेले ऊन पाणी क्षणात ओघळून जाते आणि त्वचा पुन्हा हवेत येते. अवगाह म्हणजे पाण्यात बुडून राहणे. स्वेदाच्या तेरा प्रकारांत या दोघांची गणना स्वतंत्रपणे केली आहे, ती उगाच नाही. पुरुषबीजाच्या दृष्टीने हा भेद फार महत्त्वाचा आहे.

वृषण शरीराबाहेर का असतात?

शरीराच्या आतील तापमानाहून वृषणांचे तापमान सामान्यतः दोन ते चार अंश सेल्सिअस कमी असते आणि शुक्राणूंची निर्मिती त्या कमी तापमानातच नीट होते. त्यासाठी निसर्गाने तिहेरी योजना केली आहे. वृषणकोशाची त्वचा पातळ, चरबीविरहित आणि भरपूर घाम देणारी असते. थंडीत स्नायू आकसून वृषण अंगाजवळ येतात आणि उकाड्यात सैल सुटतात. शिवाय वृषणाकडे जाणाऱ्या धमनीभोवती शिरांचे जाळे असते. त्या शिरांतून परतणारे तुलनेने थंड रक्त धमनीतील उष्ण रक्ताला वाटेतच निववते. कोरड्या उष्णतेत घामाचे बाष्प होऊन थोडातरी बचाव होतो. पाण्यात बुडालेल्या त्वचेवर बाष्पीभवन होतच नाही, म्हणून ओली उष्णता अधिक घातक ठरते.

या बाबतीत भारतभूमीशी निगडित एक जुनी नोंद आहे. मार्था व्होगेली या स्विस डॉक्टर विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भारतात वैद्यकीय काम करीत होत्या. त्यांनी पुरुषांना सुमारे ११६ अंश फॅरनहाइट उष्णतेच्या पाण्यात रोज ४५ मिनिटे, असे तीन आठवडे बसविले, आणि त्यानंतर सुमारे सहा महिने गर्भधारणा होत नाही, असे नोंदविले. आजच्या कसोट्यांवर तो प्रयोग उतरणार नाही आणि गर्भनिरोधाचा उपाय म्हणून कोणी त्यावर विसंबू नये. परंतु उष्णतेचा परिणाम कोणत्या दिशेने होतो हे त्यातून कळले.

पुढील काळात अधिक शिस्तीने अभ्यास झाले. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील गटाने २००७ मध्ये ११ पुरुषांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. हे सर्व जण वंध्यत्वाच्या तपासणीसाठी आलेले आणि उष्ण पाण्याच्या टबात वारंवार बसणारे होते. ती सवय सोडल्यावर पाच जणांच्या गतिमान शुक्राणूंच्या संख्येत मोठी वाढ झाली. उरलेल्या सहांत सुधारणा झाली नाही आणि त्यांतील बहुतेक जण धूम्रपान करणारे होते. इटलीतील पाडुआ येथील २०१३ च्या अभ्यासात दहा निरोगी पुरुषांना आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी १५ मिनिटे, असा तीन महिने सौना दिला. त्यांची शुक्राणुसंख्या व गती घटली आणि सौना बंद केल्यावर सहा महिन्यांत पूर्ववत झाली. दोन्ही अभ्यास लहान आहेत हे खरे. तथापि हानी बहुधा तात्पुरती असते आणि कारण दूर केले की शरीर स्वतःच भरून काढू लागते, हा त्यांतील आशेचा भाग वैद्याला मोलाचा आहे. निदानपरिवर्जन हीच संक्षेपाने चिकित्सा, हे सूत्र येथे एका कवडीचेही औषध न देता प्रत्ययास येते.

आपल्या दवाखान्यातील उष्णता

सवच्या कुंडाविषयी बोलणे सोपे आहे. पंचकर्म केंद्रात ठेवलेल्या बाष्पपेटीविषयी बोलणे तितके सोपे नाही. वंध्यत्वासाठी आलेल्या पुरुषाला शोधन द्यावयाचे म्हणून आपण स्नेहपान, सर्वांग अभ्यंग आणि पेटीस्वेद देतो. पेटीत त्याचे मस्तक बाहेर आणि उर्वरित शरीर, वृषणांसह, वाफेत असते. ज्या धातूच्या पुष्टीसाठी हा सारा खटाटोप, त्याच्याच उत्पत्तिस्थानाला आपण उकडवीत असतो! पूर्वकर्म म्हणून स्वेद आवश्यकच असेल तर कमरेखालचा भाग वगळून नाडीस्वेद द्यावा. पेटीच वापरायची असेल तर थंड पाण्यात भिजविलेला जाड लंगोट बांधावा, तो मध्येच बदलावा आणि वेळ थोडा ठेवावा. शोधनानंतर लगेच वीर्यतपासणी करवून त्या अहवालावर औषधाचे यशापयश ठरवू नये. स्वेदाचा परिणाम पुढील दोन-तीन महिन्यांच्या अहवालांत उतरू शकतो.

अर्श व परिकर्तिका यांच्या रुग्णास आपण सर्रास सांगतो ती कोमट पाण्याची बैठक हीसुद्धा अवगाहच आहे. दिवसातून दोन-तीन वेळा, कित्येक आठवडे चालणारी. तरुण रुग्ण असल्यास पाणी केवळ कोमट ठेवावे, वेळ दहा मिनिटांच्या आत ठेवावी आणि वृषण पाण्याबाहेर राहतील अशा बेताने टोपल्यात बसावे, इतके सांगितले तरी पुरे. एवढे सांगावयास आपल्याला एक मिनिट लागते, पण ते सांगितले जात नाही.

ज्वराचाही विचार याच अंगाने करावा. कोकणातील पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस, हिवताप, डेंग्यू हे ताप दरवर्षीचे पाहुणे. तीव्र ज्वरानंतर शुक्राणूंची संख्या व गती काही आठवडे ते तीन महिने खालावलेली राहू शकते. श्रावणात ताप येऊन गेलेल्या पुरुषाचा भाद्रपदातील अहवाल पाहून त्याला ‘दोष’ चिकटविणे हा अन्याय होय. गेल्या तीन महिन्यांत ताप आला होता काय, हा प्रश्न अहवाल हाती घेण्यापूर्वी विचारावा.

उपजीविका विचारा

महाड-पोलादपूरचा पुरुष कोणती कामे करतो ते पाहिले म्हणजे उष्णतेचा प्रश्न केवळ कुंडापुरता नाही हे ध्यानात येते. कोणी मुंबई-गोवा महामार्गावर मालमोटार चालवितो, कोणी मुंबईत उपाहारगृहाच्या भटारखान्यात किंवा बेकरीच्या भट्टीपुढे उभा असतो, तर कोणी महाडच्या औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखान्यात पाळीने जातो. फ्रान्समध्ये २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात सुमारे पावणेतीन तास मोटार चालविल्यावर वृषणकोशाचे तापमान चालण्याच्या तुलनेत दोन अंशांच्या आसपास वाढलेले आढळले. चालकाला नोकरी सोड म्हणणे हा सल्ला नव्हे. दर दीड-दोन तासांनी गाडी थांबवून पाच-दहा मिनिटे चालणे, रेक्झिनच्या आसनावर सुती किंवा जाळीचे आवरण घालणे, घट्ट जीन्सऐवजी सैल सुती विजार वापरणे हे मात्र त्याला जमण्यासारखे आहे. अंतर्वस्त्रासंबंधी हार्वर्डच्या संशोधकांनी २०१८ मध्ये ६५६ पुरुषांची माहिती प्रसिद्ध केली. सैल अंतर्वस्त्र वापरणाऱ्यांत शुक्राणूंची घनता घट्ट वापरणाऱ्यांहून २५ टक्के अधिक होती. आपल्या आजोबांचे धोतर आणि पट्ट्यापट्ट्यांची अर्धी चड्डी यांची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही.

रसायनांच्या बाबतीत १९७७ ची कॅलिफोर्नियातील घटना प्रत्येक वैद्याने स्मरणात ठेवावी. लॅथ्रोप येथील कीटकनाशक कारखान्यातील कामगारांच्याच लक्षात आले की आपल्यापैकी कोणालाच अलीकडे मूल झालेले नाही. तपासणीत डीबीसीपी या रसायनामुळे अनेकांच्या वीर्यातील शुक्राणू घटल्याचे अथवा संपूर्ण नाहीसे झाल्याचे निष्पन्न झाले. तो शोध मुळात जेवणाच्या सुट्टीतील गप्पांतून लागला, डॉक्टरांच्या प्रश्नातून नव्हे. औद्योगिक वसाहतीलगत दवाखाना असलेल्या वैद्यबंधूंनी रुग्णपत्रिकेत ‘नोकरी’ एवढाच शब्द न लिहिता विभाग कोणता, कशाची हाताळणी, हातमोजे-मुखपट्टी वापरतो काय, घरी येण्यापूर्वी कपडे बदलतो काय, हे लिहावे. शिसे, काही द्रावके आणि कीटकनाशके यांचा पुरुषबीजावरील दुष्परिणाम सर्वमान्य आहे. भातशेतीत फवारणी करणारा शेतकरीही यातून सुटत नाही.

तंबाखूविषयी थोडक्यात. भारतातील ६३८ पुरुषांच्या २००५ सालच्या अभ्यासात तंबाखू चघळण्याचे प्रमाण जसे वाढत गेले तसे वीर्याचे मान खालावत गेलेले दिसले. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण तोंडातील गोळी काही गेलेली नाही. मद्य, रात्रीचे जागरण, वाढलेले पोट आणि अनियंत्रित मधुमेह यांबद्दल आपण रुग्णाला नेहमीच सांगतो, म्हणून पुनरुक्ती करीत नाही. फक्त व्यायामशाळेत जाणाऱ्या तरुणाला एक प्रश्न आवर्जून विचारावा, की तो इंजेक्शन अथवा ‘पावडर’ घेतो काय? बाहेरून दिलेले टेस्टोस्टेरॉन शरीराची स्वतःची शुक्राणुनिर्मिती थांबविते. पिळदार शरीराचा, दाढीमिशा भरलेला हा तरुण वीर्यात एकही शुक्राणू नसलेला निघू शकतो, आणि ‘पौरुष वाढावे’ म्हणून तेच इंजेक्शन पुन्हा घेऊन तो खड्डा अधिक खोल करतो.

चाकरमान्याचे वंध्यत्व

या दोन तालुक्यांतून गिरण्यांच्या काळापासून माणसे मुंबईला जात आली आहेत. गिरण्या गेल्या, चाकरमानी राहिला. कित्येक घरी पत्नी गावी सासू-सासऱ्यांजवळ आणि पती चाळीच्या खोलीत चार जणांसह, अशी विभागणी अजून आहे. तो गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात येतो. चार वर्षांच्या संसारात दोघांच्या एकत्र वास्तव्याचे दिवस मोजले तर ते कित्येकदा काही महिन्यांचेच भरतात. अशा दांपत्यावर वंध्यत्वाचा शिक्का मारणे म्हणजे पेरणी न करता शेताला नापीक म्हणण्यासारखे आहे. सुश्रुताचार्यांनी गर्भाच्या चार सामग्रींत ऋतूला प्रथम स्थान दिले आहे. आधुनिक शास्त्रानुसार गर्भधारणेची शक्यता स्त्रीबीज सुटण्याचा दिवस आणि त्याच्या आधीचे पाच दिवस, अशा साधारण सहा दिवसांपुरती असते. गणपतीचे सात दिवस त्या काळात पडतीलच असे नाही. म्हणून पाळीच्या तारखा लिहून ठेवाव्यात आणि रजा पंचांगासोबत त्या तारखांकडेही पाहून घ्यावी, असा सल्ला आम्ही देतो. ऐकताना दांपत्य लाजते, परंतु वहीत तारखा मांडून आणते.

येथे आणखी एका समजुतीचा परामर्श घेणे भाग आहे. महिनोन्‌महिने साठविलेले वीर्य अधिक ‘दमदार’ असते, असे पुष्कळांना वाटते. दीर्घ निग्रहाने संख्या वाढलेली दिसली तरी जुन्या झालेल्या शुक्राणूंची गती मंदावते. चरकाचार्यांनी शुक्रवह स्रोतसाच्या दुष्टीच्या कारणांत अतिमैथुनाबरोबर निग्रहही सांगितला आहे, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. ऋतुकाळात एक दिवसाआड संबंध असावा, इतकेच सांगावे. त्याहून काटेकोर वेळापत्रक मनावर ताण आणते, आणि चिंता, शोक, परस्परांवरील अविश्वास हीही शुक्रदुष्टीची कारणे चरकाचार्यांनीच चिकित्सास्थानाच्या तिसाव्या अध्यायात दिलेली आहेत. अतिउष्ण पदार्थांचे सेवनही त्याच यादीत आहे.

प्रथम कोणाची तपासणी?

अपत्यहीन दांपत्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत पुरुषाकडील कारण, एकट्याने अथवा स्त्रीकडील कारणासह, आढळते. तरीही आपल्या समाजात तपासणी स्त्रीची होते, औषधे स्त्रीला, नवस स्त्रीने फेडायचे आणि हळदीकुंकवाला तिलाच टाळायचे. गर्भाशयमुखातून नळ्यांची तपासणी, दुर्बीण, शस्त्रक्रिया इथपर्यंत मजल जाते आणि पतीची साधी वीर्यतपासणी झालेली नसते. क्वचित दुसऱ्या लग्नाची बोलणीही सुरू झालेली असतात. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालवून या विषयांवर उघड बोलण्याची वाट मराठीत घालून दिली. त्या वाटेवर आपली पावले अजून अडखळतात. वैद्य हा घरातील वडिलधाऱ्यांचा विश्वासाचा माणूस असतो. ‘आधी मुलाची तपासणी’ हे वाक्य सासूबाईंच्या समोर आणि शांतपणे उच्चारण्याचा अधिकार गावात बहुधा त्यालाच असतो.

वीर्य डोळ्यांनी पाहून निर्णय देऊ नये. तनु, फेनिल, पिच्छिल, विवर्ण इत्यादी लक्षणे शास्त्रात आहेत आणि त्यांचे स्थान आहेच. परंतु वीर्याच्या आकारमानात शुक्राणूंचा वाटा अत्यल्प असतो. पुरुष नसबंदी झालेल्या माणसाचे वीर्यही दिसायला पूर्वीसारखेच असते. म्हणून ‘दाट म्हणजे उत्तम’ ही समजूत आपण तरी बाळगू नये. तपासणीपूर्वी दोन ते सात दिवसांचा संयम असावा. नमुना संपूर्ण गोळा व्हावा. साबण, तेल वा साधा निरोध वापरू नये. नमुना तासाभराच्या आत, अंगाच्या उबेत ठेवून, प्रयोगशाळेत पोहोचावा. पोलादपूर तालुक्यातील डोंगरकुशीतल्या वाडीवरून एस.टी.ने नमुना आणणाऱ्याचा अहवाल ‘गती शून्य’ येणारच. त्याने प्रयोगशाळेतच, तेथे सोय नसल्यास तिच्याजवळच्या ठिकाणी, नमुना द्यावा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या सहाव्या आवृत्तीनुसार किमान संदर्भमूल्ये अशी आहेत : आकारमान १.४ मिलिलिटर, घनता दर मिलिलिटरला १ कोटी ६० लाख, एकूण संख्या ३ कोटी ९० लाख, एकूण गती ४२ टक्के, पुढे सरकणारी गती ३० टक्के, प्राकृत आकार ४ टक्के. ज्यांच्या पत्नींना वर्षभरात गर्भधारणा झाली अशा पुरुषांमधील सर्वांत खालच्या पाच टक्क्यांची ही सीमा आहे. तिच्या खाली म्हणजे वंध्य आणि वर म्हणजे निर्धास्त, असा तिचा अर्थ नाही. आकाराचे चार टक्के पाहून घाबरलेले पुष्कळ जण येतात. त्यांना हे समजावून सांगावे. एकाच अहवालावर विसंबू नये, काही आठवड्यांच्या अंतराने दुसरा घ्यावा.

वैद्याचे हात येथे मागे राहू नयेत. रुग्णाला उभे करून वृषणांची परीक्षा करावी. दोन्ही वृषण कोशात उतरले आहेत काय, आकार लहान आहे काय, खोकल्यावर फुगणाऱ्या वेड्यावाकड्या शिरा हाताला लागतात काय, हे पाहावे. शिरांचा हा विकार, म्हणजे व्हेरिकोसील, सुमारे १५ टक्के पुरुषांत असतो आणि वंध्यत्वासाठी येणाऱ्यांत त्याचे प्रमाण याच्या दुपटीहून अधिक भरते. रक्त निवविणारी व्यवस्थाच तेथे बिघडलेली असते, म्हणजे पुन्हा उष्णताच. वेदनारहित कठीण गाठ लागली तर त्याच दिवशी शल्यविशारदाकडे पाठवावे. वीर्यात शुक्राणूच नसल्यास मार्ग अडलेला आहे की उत्पत्तीच नाही, हे कळल्याखेरीज एकही पुडी देऊ नये. अडलेला मार्ग कोणत्याही वृष्य द्रव्याने उघडत नाही. पत्नीचे वय ३५ च्या पुढे असेल तर सहा महिन्यांहून अधिक काळ आपल्यापाशी थांबवून ठेवू नये. भारतातील शास्त्रीय नोंद असलेले पहिले परीक्षानलिका अपत्य मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात ऑगस्ट १९८६ मध्ये जन्मले, त्यालाही आता बराच काळ लोटला. ते दार उघडे असताना रुग्णाची वर्षे आपल्या हातून वाया जाता कामा नयेत.

औषधे आणि औषधालये

शुक्राणू तयार होण्यास सुमारे ७४ दिवस लागतात आणि पुढील मार्गक्रमणास आणखी काही दिवस. सुश्रुताचार्यांनी रसापासून शुक्रापर्यंतचा काळ एक महिन्याचा सांगितला आहे. व्यवहारात तीन महिन्यांचा काळ धरावा आणि रुग्णाला तो पहिल्याच दिवशी सांगावा. तसे न सांगितल्यास तो तिसऱ्या आठवड्यात दुसऱ्याच्या दारात उभा असतो.

अश्वगंधेविषयी थोडा पुरावा आता उपलब्ध आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या महाराष्ट्रातील एका प्राथमिक चाचणीत अल्पशुक्र असलेल्या ४६ पुरुषांपैकी २१ जणांना अश्वगंधामूळाचा घनसत्त्व रोज ६७५ मिलिग्रॅम, ९० दिवस दिला. त्यांच्यात संख्या व गती यांची वाढ इतरांहून लक्षणीय होती. लखनौच्या वैद्यकीय विद्यापीठातील गटाने कपिकच्छूबीजाचे चूर्ण रोज ५ ग्रॅम, तीन महिने देऊन असाच अनुभव नोंदविला आहे. रुग्णसंख्या लहान आहे, आणि अहवालातील आकडा वाढला म्हणजे पाळणा हलतोच असे नाही, हा विवेक राखावा. तो कसा राखावा याचे उदाहरण परक्यांकडून घेण्यासारखे आहे. जस्त व फॉलिक ॲसिडच्या गोळ्या जगभर खपत असता अमेरिकेत २३७० दांपत्यांवर चाचणी झाली आणि त्यांचा काहीही लाभ नसल्याचे २०२० मध्ये जाहीरपणे सांगण्यात आले. अश्वगंधेने यकृतास अपाय झाल्याच्या काही नोंदीही अलीकडे प्रसिद्ध झाल्या आहेत. कावीळ होऊन गेलेल्या अथवा मद्यपी रुग्णाला ती देताना यकृताची तपासणी करवून घ्यावी. कपिकच्छू, म्हणजे आपल्या रानातील खाजकुयली, दुधात शिजवून, साल काढूनच वापरावी. तिच्यात लेवोडोपा असते, म्हणून कंपवाताची औषधे घेणाऱ्याला ती देताना सावध राहावे.

सफेद मुसळीच्या शास्त्रीय नावात आपल्या बोरिवलीचे नाव आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. तिच्याच कुळातील फोडशीची भाजी पावसाळ्यात आपण हौसेने खातो. पण बाजारात मुसळी म्हणून जे येते त्यात शतावरीकुळातील मुळे सर्रास असतात. तेव्हा औषधालयांनी कच्चे द्रव्य ओळखून घ्यावे. पथ्याच्या बाबतीत एक कोकणी अडचण सांगतो. चरकाचार्यांनी कुळीथ शुक्रहर म्हटला आहे, आणि कुळथाची पिठी हा तर आपल्या घरचा रोजचा आधार. ती घरातून हद्दपार करावी असे आम्ही म्हणत नाही. उपचाराच्या काळात ती आठवड्यातून एखाद-दुसऱ्या वेळी घ्यावी आणि तिच्या जागी उडदाचे घुटे, तूप, दूध यावे, एवढे पुरे. क्षाराचा अतिवापर षांढ्यकर म्हटला आहे, म्हणून पापडखार व सोडा यांवर मात्र हात आखडता घ्यावा.

औषधालय चालविणाऱ्या बंधूंशी दोन शब्द. ‘दहा दिवसांत शक्ती’ अशा पुड्या-कॅप्सूलांत सिल्डेनाफिल मिसळलेले असल्याचे अनेक देशांच्या औषध नियामकांना वारंवार आढळले आहे. हृदयविकारासाठी नायट्रेट घेणाऱ्या रुग्णाने अशी कॅप्सूल घेतली तर रक्तदाब कोसळून प्राणावर बेतते, आणि वंध्यत्वावर तर तिचा उपयोग शून्य. १९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्यान्वये कामशक्ती वाढविण्याच्या जाहिराती निषिद्ध आहेत. दुकानाच्या काचेवर चिकटविलेला रंगीत कागदही जाहिरातच ठरतो. परिशिष्ट ई-१ मधील विषद्रव्ये असलेल्या पोटात घ्यावयाच्या औषधांवर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापलेली आहे काय हे पाहावे आणि ती चिठ्ठीवाचून देऊ नयेत. इंटरनेटवरून विकत घेतलेल्या १९३ आयुर्वेदीय उत्पादनांच्या २००८ मधील अमेरिकन तपासणीत सुमारे एकपंचमांशांत शिसे, पारा किंवा अर्सेनिक सापडले होते. त्या अहवालाविषयी आपले आक्षेप असतील, पण शिसे हे स्वतःच शुक्राणूंचे शत्रू आहे. म्हणून वनस्पतिज औषधांच्या प्रत्येक घाऊक खेपेसोबत उत्पादकाकडून जड धातूंचा तपासणी-अहवाल मागावा. वनस्पतिज द्रव्यांसाठी शिशाची मर्यादा दशलक्षांत १० भाग, अर्सेनिकची ३, पाऱ्याची १ आणि कॅडमियमची ०.३ इतकी आहे. अहवाल मागितल्यावर जो उत्पादक टाळाटाळ करील, त्याचा माल त्या खेपेपुरता परत पाठवावा.